माळ्यावरचा लॅपटॉप आणि आमच्या शनिवारच्या उचापती

मंडळी, मराठी माणूस जगात कुठंही गेला तरी त्याच्या घराला माळा लागतो. लीड्समध्ये त्याला लॉफ्ट म्हणतात एवढाच फरक. वर चढून बघा, सामान तेच: एअर इंडियाचे टॅग लटकलेल्या बॅगा, गणपतीचं थर्माकोलचं मखर, पोरांची पाळणाघरातली चित्रं आणि एका पिशवीत गुंडाळलेला जुना लॅपटॉप. तो टाकवत नाही, कारण त्यात फोटो आहेत. वापरवतही नाही, कारण सुरू व्हायला त्याला चहा होऊन कप विसळून होईपर्यंतचा वेळ लागतो.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली, पण ती सुरक्षेच्या डागडुजीपुरती. म्हणजे चांगले चालणारे लाखो संगणक एका तारखेला 'कालबाह्य' ठरले. मंडळाच्या यंदाच्या निधीतला काही भाग असे लॅपटॉप दुरुस्त करून गरजू घरांत पोहोचवण्यासाठी आहे. तुमच्या देणगीतून नेमकं काय होतं हे सांगायची जबाबदारी आमच्यावर आली आहे. आम्ही म्हणजे मंडळातले चार-पाच इंजिनिअर. आठवडाभर कंपनीच्या संगणकांशी झटापट आणि शनिवारी घरच्या संगणकांशी. घरच्यांच्या मते हे सुतारानं सुट्टीच्या दिवशी रंधा मारत बसण्यासारखं आहे.

आधी मुळापासून सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? पुण्यातलं एखादं मोठं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. एका हॉलमध्ये मुंज, दुसऱ्यात साखरपुडा, गच्चीवर डोहाळजेवण. आचारी मात्र एकच. कुणाच्या पंगतीला आधी वाढायचं, कोठीघराची किल्ली कुणाला द्यायची, माईक कुणाच्या हातात, हे सगळं बघणारा एक व्यवस्थापक असतो. तो दिसत नाही, पण तो जागेवर नसला की मुंजीचे लाडू साखरपुड्यात जातात. संगणकातला आचारी म्हणजे प्रोसेसर, स्वयंपाकाचा ओटा म्हणजे रॅम, कोठीघर म्हणजे हार्ड डिस्क आणि व्यवस्थापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

आता जुना लॅपटॉप रडतो का ते बघा. आचारी बहुधा ठणठणीत असतो. ओटा लहान असतो, म्हणजे चार जीबी रॅम. नव्या पद्धतीचे पदार्थ पसारा फार मांडतात. नुसता ब्राउझर उघडला तरी निम्मा ओटा भरतो. मग व्यवस्थापक काही पातेली उचलून कोठीघरात ठेवतो आणि लागली की परत आणतो. जुनी हार्ड डिस्क ही फिरणारी तबकडी असल्यामुळे ही ये-जा कमालीची संथ. तबकडीच्या जागी एसएसडी बसवली की हीच ये-जा कितीतरी पटींनी जलद होते. आमच्या अनुभवात जुन्या यंत्राला याहून गुणकारी औषध नाही. चार-सहा स्क्रू काढायचे, जुनी डिस्क बाहेर, नवी आत, वीस मिनिटांचं काम. रॅमचं गणित मात्र अलीकडे बिघडलंय. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी बाजारातली मेमरी ओढून घेतल्यामुळे किमती भडकल्या आहेत. म्हणून स्क्रीन फुटलेला लॅपटॉपसुद्धा आम्हांला हवा असतो. त्याच्या पोटातली रॅम दुसऱ्याला बसते.

'मग त्यावर विंडोज ११ टाका की!' हा प्रश्न हमखास येतो. टाकलं असतं हो. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या अटी कडक आहेत. मदरबोर्डवर टीपीएम २.० हवं, म्हणजे कुलपांच्या किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत हवा आणि इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या यंत्रांपासून सुरू होते. सुरक्षेच्या दृष्टीनं या अटी अगदीच निरर्थक नाहीत. पण सातवीतल्या मुलीला गृहपाठ करायचा आहे, तिला तिजोरी कशाला?

इथं लिनक्स येतं. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं घरी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची छोटी प्रणाली लिहिली होती, ती त्यानं त्यावर चढवली. ती पुरेना, म्हणून स्वतःची लिहायला घेतली. त्या ऑगस्टमध्ये त्यानं जगाला कळवलं, तेसुद्धा 'हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही' अशा सुरात. नंतर जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. त्यात पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआयही आला. नोव्हेंबर २०२० च्या यादीत तो ६३ वा होता. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. म्हणजे घरातले निम्मे लोक लिनक्स वापरतात आणि वर 'ते काहीतरी अवघड असतं म्हणे' असंही म्हणतात.

लिनक्सची गोडी अशी की चाखून बघता येतं. एका पेनड्राइव्हवर ते उतरवून घ्यायचं, लॅपटॉप सुरू करताना एफ २ किंवा एफ १२ दाबून 'यावरून सुरू हो' असं सांगायचं, की पूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू होते. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, सगळं तपासायचं. पसंत पडलं तर बसवायचं, नाहीतर पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करायचं. लग्नाआधीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा ना.

लिनक्सचे अवतार शेकड्यांनी आहेत आणि कुठला श्रेष्ठ यावर आमच्यात झालेले वाद आंबा हापूस की पायरी यापेक्षा कडवे असतात. वाटण्यासाठी मात्र आम्ही लिनक्स मिंट ठरवलंय, त्यातला हलका एक्सएफसीई अवतार. दोन जीबी रॅमवर तो कसाबसा चालतो, चारवर नीट आणि आठवर झकास. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असल्यामुळे विंडोजची सवय असलेल्यांना परकं वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. अकरावीतल्या मुलाची पदवी जवळजवळ त्यात निघेल.

अडचणी येतात, नाही कशाला म्हणा. काही लॅपटॉपांतल्या वायफाय चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं, जे वायफायशिवाय नाही. अशा वेळी फोन केबलनं जोडून त्याचं इंटरनेट घ्यायचं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसत नाही. लिब्रेऑफिस चालतं, पण वर्डमध्ये केलेली सजलेली पत्रिका त्यात जरा विस्कटते. काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत, यावर पालकांनी अजून तक्रार केलेली नाही. शाळेचं काम हल्ली ब्राउझरमध्येच होतं, बँकेचंही, भारतातलं आयकर विवरणपत्रसुद्धा. त्यामुळे दहातल्या नऊ गोष्टींना काही अडत नाही.

मराठीचं काय, हे ज्येष्ठ सभासद आवर्जून विचारतात. श्रीलिपीत टंकलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसायची, हे जुन्या स्मरणिकांचं काम केलेल्यांना आठवत असेल. अक्षरं फॉण्टच्या मर्जीवर होती, तो फॉण्ट नसला की अर्थ गेला. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि ही कटकट संपली. गंमत म्हणजे श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनंच घडवलेले लोहित फॉण्ट रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये सर्वांना मोफत खुले केले. लिनक्सवर मराठी वाचता येतं यात पुण्याचा असा वाटा आहे. टंकायला इन्स्क्रिप्ट आहेच, आणि 'namaskar' टंकून 'नमस्कार' मिळवणाऱ्यांसाठी उच्चारानुसारी कळफलकही आहे.

हा छंद लीड्सला परका नाही. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये डिक्सन्सनं फ्रीसर्व्ह सुरू केलं, तेव्हा त्यामागची यंत्रणा लीड्सच्या प्लॅनेट ऑनलाइन या कंपनीची होती. तोपर्यंत इंटरनेटसाठी दरमहा दहा पौंडांच्या आसपास वर्गणी द्यावी लागे. फ्रीसर्व्हनं वर्गणीच काढून टाकली. दुकानातून फुकट सीडी घ्यायची आणि फक्त फोनच्या मिनिटांचे पैसे भरायचे. त्या पैशांतला वाटा फोन कंपनीकडून त्यांना मिळायचा. काही महिन्यांत ते देशातलं सर्वांत मोठं झालं. त्या काळच्या मॉडेमवर आजच्या फोनमधला पाच एमबीचा एक फोटो यायला किमान बारा मिनिटं लागली असती, आणि तेवढ्यात घरात कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट रास्पबेरी पायची. क्रेडिट कार्डाएवढा हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, तेव्हा तो विकणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक होती फार्नेल, १९३९ साली लीड्समध्ये सुरू झालेली. पहाटे विक्री उघडली आणि दोघांच्याही वेबसाइट कोसळल्या. पस्तीस डॉलर किंमत आणि २५६ एमबी रॅम. आमच्या सगळ्या उद्योगांचं मूळ या चिमुकल्या पाटीत आहे. आणि हन्सलेट लेनवरचं १७९१ चं सेलम चॅपल, जिथं १९१९ साली लीड्स युनायटेडची स्थापना झाली, तिथं पुढं डेटा सेंटर झालं. २०११ पासून लीड्सला आयएक्सलीड्स हे स्वतःचं इंटरनेट एक्सचेंजही आहे. म्हणजे हेडिंग्लीहून राउंडहेला निघालेल्या माहितीला लंडनला वळसा घालायची गरज नाही. पूर्वी गावातल्या गावात पाठवलेलं पत्रही जिल्ह्याच्या टपाल कचेरीला जाऊन यायचं, तसं व्हायचं.

टपालाची गोष्ट निघालीच आहे तर नेटवर्कचंही सांगून टाकतो. तुमच्या घरातला राउटर म्हणजे वाड्याच्या दरवाज्यात बसलेले आजोबा. वाड्यात बिऱ्हाडं अनेक: फोन, टीव्ही, लॅपटॉप, हल्ली तर फ्रिजसुद्धा. प्रत्येकाला आजोबा खोली क्रमांक देतात, १९२.१६८ नं सुरू होणारा. बाहेरच्या जगाला मात्र पत्ता एकच माहीत, वाड्याचा. आतून कुणी पत्र पाठवलं की आजोबा वहीत नोंद करतात आणि उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत देतात. आतून कुणी लिहिलेलंच नाही आणि बाहेरून पत्र आलं, तर ते दारातूनच परत. ही युक्ती निघाली कारण जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपासच होते आणि २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठा संपला.

भारतात ही चणचण जास्त. तिथं अनेक ब्रॉडबँड कंपन्या एका वाड्याला नाही, अख्ख्या पेठेला मिळून एक पत्ता देतात. म्हणून साताऱ्याच्या घरातला संगणक लीड्समधून थेट गाठता येत नाही. आमच्यापैकी एकाचे आईबाबा साताऱ्याला असतात. दोघंही सत्तरीच्या पुढे. त्यांच्या स्क्रीनवर एकदा 'तुमच्या संगणकात व्हायरस, या नंबरवर ताबडतोब फोन करा' अशी जाहिरात भोंग्यासह आली आणि बाबांनी फोन केला. पलीकडच्या गोड माणसानं बँकेचं पान उघडायला सांगितलं तेव्हा आईनं भिंतीवरचं बटण बंद केलं. संगणकशास्त्राची पदवी नसताना तिनं केलेला तो अचूक उपाय होता. त्यानंतर आमचे प्रयोग छंदापुरते राहिले नाहीत.

साताऱ्याच्या टीव्हीमागे आता एक रास्पबेरी पाय बसलाय. त्यावर पाय-होल नावाची प्रणाली चालते. कुठलंही पान उघडताना संगणक आधी त्या नावाचा पत्ता विचारतो, फोनच्या डिरेक्टरीत नंबर शोधावा तसा. पाय-होल ही घरची डिरेक्टरी बनते आणि जाहिरातवाले, फसवे यांची नावं विचारली की 'असं कुणी इथं राहत नाही' म्हणून सांगते. यूट्यूबच्या जाहिराती यानं थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात. 'डिजिटल अरेस्ट'चे फोनही थांबत नाहीत. त्याला आईचं भिंतीवरचं बटणच हवं. पण भोंगेवाल्या जाहिराती तेव्हापासून दिसलेल्या नाहीत.

पेठेचा प्रश्न वायरगार्डनं सुटला. मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आपण साताऱ्याला जाऊ शकत नाही तर साताऱ्यानं आपल्याकडे यावं, एवढीच कल्पना. तिथला पाय आतून लीड्सच्या घराशी संपर्क साधतो आणि दर काही सेकंदांनी 'आहे बरं का' असं कळवत राहतो. त्यामुळे आजोबांच्या वहीतली नोंद खोडली जात नाही आणि कुलूपबंद बोगदा उघडा राहतो. आता बाबांचा प्रिंटर रुसला तर तो इथून बघता येतो, जुन्या फोटोंची प्रत रोज रात्री इकडे येते. उन्हाळ्यात वीज वारंवार गेल्यानं पायचं मेमरी कार्ड दोनदा मेलं. मग कार्डाच्या जागी छोटी एसएसडी लावली आणि राउटरसकट सगळं घरच्या इन्व्हर्टरवर घेतलं.

सातारा आणि लीड्स यांच्यात हे संकेत जातात कसे, हेही आम्ही मोजून बघितलं. सरळ रेषेत अंतर सात हजार किलोमीटर धरा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन येऊन सत्तर मिलिसेकंद पुरायला हवेत. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट लागतात, कारण केबल सरळ जात नाही. कॉर्नवॉलहून जिब्राल्टर, भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र आणि मग मुंबई. १८७० साली तारायंत्राची केबल कॉर्नवॉलच्या पोर्थकर्नोहून मुंबईशी जोडली गेली ती याच वाटेनं, आणि १९९७ ची फ्लॅग केबलही पोर्थकर्नोलाच लागते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं इंटरनेट मंदावलं ते म्हणून. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा गोठला की दर वेळी साताऱ्याच्या कंपनीला दोष देऊ नये.

निम्मे दोष आपल्याच भिंतींचे असतात. लीड्सच्या लाल विटांच्या जुन्या घरांत भिंती जाड. वायफायचा पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा जलद, पण एका भिंतीतच दमतो. २.४ चा पट्टा लांब जातो, पण तिथं शेजाऱ्यांची गर्दी आणि मायक्रोवेव्हचा त्रास. दोनशे पौंडांची नवी यंत्रं घेण्याआधी राउटर टीव्हीमागून काढून मोकळ्यावर ठेवा. पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत जमलं तर साधी केबल ओढा. आणखी एक, विशेषतः ज्येष्ठांसाठी: जुन्या तांब्याच्या तारांवरचे फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. नवा फोन राउटरमधून चालतो, म्हणजे वीज गेली की फोनही गेला. गळ्यात मदतीचं बटण घालणाऱ्यांनी आपल्या फोन कंपनीला तसं कळवून बॅटरी मागून घ्यावी.

आता लॅपटॉप देणाऱ्यांच्या मनातली खरी भीती: माझ्या फोटोंचं, पासपोर्टच्या स्कॅनचं काय होणार? भीती रास्त आहे. फाइल डिलीट करणं किंवा झटपट फॉरमॅट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. धडे तसेच राहतात आणि वाचणारा वाचतो. म्हणून फिरत्या डिस्कवर आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा नवं काहीतरी लिहून काढतो. मोठ्या डिस्कला अख्खी रात्र लागते. एसएसडीवर ही युक्ती पुरत नाही, कारण ती झीज समान व्हावी म्हणून स्वतःच्या मनानं जागा बदलत राहते. तिला पुसण्याची तिची स्वतःची आज्ञा द्यावी लागते. डिस्क बिघडली असेल आणि पुसली जात नसेल, तर ड्रिलनं भोकं पाडतो. हे काम मुलांना भारी आवडतं, पण चष्मा घातल्याशिवाय कुणाला करू देत नाही.

तयार झालेले लॅपटॉप शाळकरी मुलं असलेल्या घरांना, नुकत्याच इथं आलेल्या कुटुंबांना आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना देतो. मराठीच असावेत अशी अट नाही. हेअरहिल्समध्ये तीन भावंडं आईच्या एकाच फोनवर आळीपाळीनं गृहपाठ करतात, धाकट्याची पाळी येईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात आणि फोनची बॅटरी संपलेली असते, हे आमच्या एका सभासदानं डोळ्यांनी पाहिलं. त्या घरातला लॅपटॉप दहा वर्षांचा आहे आणि रोज चालतो. यंत्राबरोबर आम्ही एक तासाची शिकवणी देतो. पासवर्ड कसा ठेवायचा, अपडेट कधी घ्यायचं आणि भोंगा वाजला तर काय करायचं. शिवाय लीड्स कौन्सिलचा '१००% डिजिटल लीड्स' हा कार्यक्रम आहेच. त्याची चौकशी जवळच्या लायब्ररीत करता येते.

तुमच्या देणगीतून एसएसडी, रॅम, बॅटऱ्या आणि चार्जर येतात, मजुरी कुणी घेत नाही. लॅपटॉप आणणार असाल तर आधी हवे ते फोटो काढून घ्या आणि पासवर्ड कागदावर लिहून द्या, नाहीतर काही यंत्रं आतून कुलूप लावून बसतात. बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला असेल तर तो चार्जिंगला लावू नका, उघडू नका. आम्हांला नुसतं सांगा, किंवा कर्कस्टॉल रोडच्या रिसायकलिंग सेंटरवर तिथल्या माणसाला विचारून द्या. डेस्कटॉप, मॉनिटर, जुने राउटर घेतो. प्रिंटर मात्र कृपया आणू नका, ते दुरुस्त करायची आमच्यात कुणाची छाती नाही. आणि चार्जर शोधून आणा. तो बहुतेक मखराच्या खोक्यात असतो.